मैदानातून कचेरीत

"पोरगी दिवसभर मैदानावर असते. खेळून का कुठं पोट भरतं?"

असे बोलणे आपण गावोगाव ऐकतो. कधी आपणही बोलतो. बोलणाऱ्याचे सगळेच चुकते असे नाही. घरात दाणा नसला, तर खेळ कुणाला सुचणार? पण आपल्याच धाराशिव जिल्ह्यातल्या एका मुलीची हकीकत ऐका. मग उत्तर तुम्हीच द्या.

तिचे नाव सारिका काळे.

सारिकाताईंच्या घरी मिळकत थोडी होती. आई शिवणकाम करी. आजी-आजोबांचा आधार होता. सारिकाताई तेरा वर्षांच्या होत्या. त्यांचे एक चुलते खो-खो खेळत. ते त्यांना एक दिवस मैदानावर घेऊन गेले. तेव्हापासून मैदान सुटले नाही.

खो-खो आपल्या मातीतला खेळ. आठ गडी ओळीने बसतात. एकाचे तोंड इकडे, तर दुसऱ्याचे तिकडे. नववा पाठलाग करतो. या खेळाला बॅट लागत नाही, चेंडू लागत नाही. सपाट जागा, दोन खांब आणि चपळ पाय एवढे पुरते. म्हणून गरिबाच्या लेकरालाही हा खेळ खेळता येतो.

पण पळायला अंगात बळ पाहिजे. बळाला अन्न पाहिजे. सारिकाताईंनी पुढे स्वतःच सांगितले, की जवळजवळ दहा वर्षे त्यांना दिवसातून एकच वेळ जेवण मिळे. खेळाच्या शिबिराला गेले, म्हणजे चांगले खायला मिळायचे. घरी आले, की पुन्हा तेच. तरी त्या खेळत राहिल्या. आधी महाराष्ट्राच्या संघात आल्या. मग भारताच्या संघात आल्या आणि संघाच्या कर्णधार झाल्या.

२०१६ साल उजाडले. हे साल मोठे विचित्र होते. त्या साली फेब्रुवारीत दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या. त्या आसामातल्या गुवाहाटीला आणि मेघालयातल्या शिलाँगला भरल्या होत्या. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान, मालदीव आणि अफगाणिस्तान असे आठ देश आले होते. या स्पर्धांत खो-खो पहिल्यांदाच खेळला गेला. अशा ठिकाणी खेळाडू एकट्यासाठी खेळत नाही. तो आपल्या देशाचा वकील असतो. तो कसा खेळतो, कसा वागतो, हरला तर हात कसा मिळवतो, यावरून परके लोक आपला देश ओळखतात. भारताच्या महिलांनी सोन्याचे पदक जिंकले. कर्णधार होत्या सारिका काळे.

आणि याच सालात सारिकाताईंनी खेळ सोडायचे ठरवले!

कारण काय? कारण घरची तंगी. पदक मानाचे खरे, पण पदकाने चूल पेटत नाही. त्या खचल्या. खोलीचे दार लावून आत बसल्या. तेव्हा आजीने एक शहाणपणाचे काम केले. तिने प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांना ही गोष्ट कळवली. जाधव सरांनी सारिकाताईंची समजूत घातली. त्या पुन्हा मैदानावर आल्या.

आजीने ही गोष्ट झाकून ठेवली असती, तर? लोक काय म्हणतील म्हणून ती गप्प बसली असती, तर? पुढची हकीकत घडलीच नसती.

पुढे सारिकाताईंना महाराष्ट्र सरकारच्या क्रीडा खात्यात नोकरी मिळाली. तुळजापूरला त्या क्रीडा अधिकारी झाल्या. घराला आधार आला. २०२० साली भारत सरकारने त्यांना अर्जुन पुरस्कार दिला. खो-खोच्या वाट्याला हा मान बावीस वर्षांनी आला होता. तो करोनाच्या साथीचा काळ होता. म्हणून २९ ऑगस्टला राष्ट्रपतींनी दूरदृश्य यंत्रणेवरून हा समारंभ केला.

आता क्रीडा अधिकारी काय काम करतो, ते पाहू. तालुक्यातल्या शाळांच्या स्पर्धा तो भरवतो. तालुक्यात जिंकलेला संघ जिल्ह्याला जातो. तिथून विभागाला, मग राज्याला आणि शेवटी देशाच्या स्पर्धेला जातो. मैदानासाठी, व्यायामशाळेसाठी सरकारी अनुदान असते. त्याचे अर्ज क्रीडा कचेरीत जातात. दहावी-बारावीच्या खेळाडू मुलांना वाढीव गुण मिळतात. त्याचे कागदही याच खात्यातून पुढे जातात.

म्हणजे ज्या मुलीने मैदानावर उपाशीपोटी धाव घेतली, तिच्याच हाती मैदानाचा कारभार आला. भुकेल्या लेकराचा चेहरा तिला चटकन ओळखू येणार. ते कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी शंभरात पाच जागा राखून ठेवतात. पण कुठलीही स्पर्धा चालत नाही. जत्रेतल्या सामन्याचे बक्षीस इथे उपयोगी पडत नाही. सरकारच्या नियमात बसणारी स्पर्धा लागते. खेळाडूच्या प्रमाणपत्राची तपासणीही होते.

तेव्हा तुमच्या मुलाने, मुलीने प्रमाणपत्र आणले, तर ते नुसते भिंतीला टांगू नका. आता तुम्हाला वाचता येते. ते वाचा. नाव बरोबर आहे का? जन्मतारीख बरोबर आहे का? स्पर्धा कुठली, साल कुठले, सही-शिक्का आहे का? चूक दिसली तर लगेच शाळेत जाऊन सांगा. मग कागद पेटीत नीट जपून ठेवा.

सगळ्याच खेळाडूंना पदक मिळत नाही. सगळ्यांना नोकरीही मिळत नाही. हे खरे आहे, आणि ते लेकरांपासून लपवू नये. म्हणून खेळाबरोबर शाळा सोडू नये. पण चुलत्याने बोट धरून मैदानावर नेले, आजीने वेळेवर निरोप दिला आणि गुरुजींनी हात सोडला नाही, म्हणून एका घराचे दिवस पालटले. एवढे तर आपल्यालाही करता येईल.

कठीण शब्द

कर्णधार – संघाचा पुढारी.
प्रशिक्षक – खेळ शिकवणारा.
अनुदान – सरकारने कामासाठी दिलेला पैसा.
प्रमाणपत्र – खात्रीचा लेखी कागद.

वाचा आणि सांगा

१. सारिकाताईंना मैदानावर प्रथम कुणी नेले?
२. २०१६ साली कोणत्या दोन गोष्टी घडल्या?
३. आजीने काय केले? तुम्ही असता तर काय केले असते?
४. तुमच्या गावात मुली कुठे खेळतात? जागा नसेल, तर क्रीडा अधिकाऱ्यांना चार ओळींचा अर्ज लिहा.