अहवालातील दिघी कोणती?

जिल्हा, तालुका, गाव व कालावधी निवडताच संगणकाच्या पडद्यावर तक्ता उमटतो, ही सोय शासकीय कामकाजात आता सर्वपरिचित झाली आहे. निवडीच्या या अटींना संगणकशास्त्रात प्राचल, म्हणजेच पॅरामीटर, असे म्हणतात. आपण दिलेले मूल्य मूळ प्रश्नात बसवून यंत्र माहितीसाठ्यातील नोंदी वेचून काढते. मूल्य चुकीचे पोहोचले की उत्तर चुकते. आणि त्या उत्तरावरून शाळाखोल्यांची वा पाणीपुरवठ्याची मागणी ठरणार असेल, तर ती चूक कागदापुरती राहत नाही.

पिंपरी-चिंचवडमधील दिघीचेच उदाहरण घेऊ. हे गाव १९९७ साली महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यामुळे २०११ च्या जनगणनेच्या ग्रामनिहाय तक्त्यात हवेली तालुक्याखाली ते शोधल्यास अहवाल कोरा येतो. येथील रहिवासी शहराच्या १७,२७,६९२ या लोकसंख्येत मोजले गेले आहेत. म्हणजे दोष यंत्राचा नव्हे. प्रश्नच चुकीच्या तक्त्याला विचारला गेला. ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘संख्या शून्य’ असा कदापि घेऊ नये.

याहून घातक प्रकार दुसरा आहे. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातही एक दिघी आहे, बंदरामुळे प्रसिद्ध असलेली. अहवालातून जिल्ह्या-तालुक्याची अट गळाली आणि केवळ नावावर शोध झाला, तर पुण्याच्या दिघीच्या मथळ्याखाली कोकणातील आकडे निमूटपणे उतरतील. कोरा अहवाल निदान शंका तरी उत्पन्न करतो. चुकीने भरलेला अहवाल मात्र सही होऊन पुढे जातो. यास्तव नावाऐवजी संकेतांक वापरणे इष्ट. अर्थात तेथेही सावधगिरी हवीच, कारण त्याच जनगणनेत रायगडचा जिल्हा संकेतांक ५२० व पुण्याचा ५२१ आहे!

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. प्रथम, यंत्राला प्रत्यक्षात कोणती मूल्ये मिळाली ती अहवालाच्या शिरोभागी छापून घ्यावीत. नंतर प्राचल बाजूला ठेवून तेच मूल्य प्रश्नात थेट लिहून पाहावे. आता योग्य नोंदी आल्या, तर दोष मूल्य पोहोचण्यात आहे. न आल्या, तर तो प्रश्नात वा माहितीत आहे. त्यानंतर एका वेळी एकच अट बदलावी. पुष्कळदा जिल्हा बदलला तरी आधी निवडलेला तालुका तसाच राहतो. ‘रायगड’ आणि ‘हवेली’ ही जोडी कोठून नोंदी आणणार? नावामागे राहिलेली रिकामी जागा, ‘दिघी’ऐवजी ‘दीघी’ असे लेखन, देवनागरी व इंग्रजी अंकांची सरमिसळ, ही कारणे क्षुल्लक वाटतात, पण अहवाल कोरा करण्यास पुरेशी होतात.

तारखेचा घोळ स्वतंत्रपणे तपासावा. ०३/०४/२०२४ ही आपल्या लेखी ३ एप्रिल. महिना प्रथम वाचणाऱ्या यंत्राच्या लेखी ४ मार्च. पहिली तारीख २०२४-२५ या आर्थिक वर्षात पडते, दुसरी २०२३-२४ मध्ये. खर्चाचा ताळमेळ लागत नसेल, तर बेरीज पुन्हा करण्यापूर्वी ही तारीख पाहावी. तंत्रज्ञाकडे तक्रार पाठविताना ‘अहवाल चालत नाही’ एवढेच न लिहिता निवडलेली सर्व मूल्ये, अपेक्षित उत्तर व मिळालेले उत्तर नमूद करावे.