दारू सुटली, आता सोबत कुणाची?

आपल्याकडे दारू सोडणे हे एका दिवसाचे काम समजले जाते. देवापुढे शपथ घेतली, गळ्यात माळ घातली किंवा महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून माणूस परत आला, की घरची मंडळी सुटकेचा श्वास टाकतात. 'सुटली एकदाची!' असे शेजारीही म्हणतात. पण डॉक्टरच्या दृष्टीने खरी परीक्षा इथून पुढे सुरू होते. माणूस बदलून येतो, पण गाव बदललेले नसते. तोच स्टँड, तेच मित्र, तीच उधारी आणि तीच संध्याकाळची सात वाजताची वेळ. कापूस-सोयाबीनचे पैसे हाती येतात, पोळा येतो, कुणाचे लग्न निघते आणि 'आज एकच घे, काही होत नाही' म्हणणारा कुणीतरी भेटतोच.

म्हणून आज दारू कशी सोडावी यापेक्षा, सोडलेल्या माणसाला ती सुटलेली कशी ठेवता येईल आणि त्यात इतरांनी काय करायचे, याचा विचार करू.

शपथ का मोडते?

व्यसन हा केवळ वाईट सवयीचा किंवा कमकुवत मनाचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दारूच्या अवलंबित्वाची गणना आजारात केली आहे. वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्याच्या मेंदूत सुख आणि दारू यांची गाठ पक्की बसते. ठरावीक जागा, वास, माणूस किंवा वेळ समोर आली, की ती गाठ ओढ घेते. शरीरातील दारू काही दिवसांत निघून जाते. ही गाठ मात्र सैल व्हायला कित्येक महिने लागतात. पहिले तीन महिने सर्वांत निसरडे असतात.

मधुमेह झालेला माणूस दर महिना-दोन महिन्यांनी साखर तपासतो, आपणही त्याला पथ्याची आठवण देतो. दारू सोडलेल्या माणसाची अशी विचारपूस कोण करतो? घरचे संशयाने पाहतात, गाव हसते आणि जुने मित्र बोलावतात. विश्वासाने विचारणारा एकही माणूस त्याच्याजवळ नसतो. ही रिकामी जागा भरणे हाही उपचाराचा भाग आहे.

आखाड्यातील वस्ताद

कुस्तीचा आखाडा आठवा. वस्ताद स्वतः कुस्ती लढत नाही. कुस्ती पठ्ठ्यालाच लढावी लागते. वस्ताद बाहेर उभा राहतो, त्याचा दम किती हे जाणतो, समोरच्याचा डाव ओळखायला शिकवतो आणि चीतपट झाल्यावर त्याला पुन्हा मातीत उतरवतो. व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला असाच एक माणूस हवा. अमेरिकेत अशा मार्गदर्शकाला 'रिकव्हरी कोच' म्हणतात. आपण त्याला 'सोबती' म्हणू.

कल्पना जुनीच आहे. सन १९३५ मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल अॅक्रन या गावी धंद्याच्या कामाला गेला. काम फसले. दारू सोडून त्याला थोडेच महिने झाले होते आणि हॉटेलात एकटा असताना त्याला प्रचंड ओढ लागली. त्याने फोन फिरवून दारूशी झगडणारा दुसरा माणूस शोधला. तो निघाला डॉ. बॉब स्मिथ नावाचा शल्यचिकित्सक. दोघे तासन् तास बोलले. डॉ. स्मिथने १० जून १९३५ रोजी शेवटचा घोट घेतला. त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. त्यात जुना सदस्य नव्याचा हात धरतो. यात दुसऱ्याला सावरताना स्वतःचाही तोल सांभाळला जातो.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. अनिता (सुनंदा) अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्यामागे पु. ल. देशपांडे यांचा मोठा आधार होता. केंद्रातून बरे झालेले अनेक जण तिथेच कार्यकर्ते झाले. घरी गेलेल्या रुग्णांनी नियमित भेटत राहावे यावर तिथे भर असतो आणि रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गटही आहे.

सोबत करणारा माणूस मानसोपचारतज्ज्ञच असला पाहिजे का? याचे उत्तर गोव्याने दिले. तेथील 'संगाथ' या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण दिले. त्यांनी धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या, जास्तीत जास्त चार भेटी दिल्या. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तीन महिन्यांनंतर भेटी मिळालेल्यांपैकी शेकडा ३६ जणांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले होते, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांत शेकडा २६ जणांचे. आधीच्या चौदा दिवसांत एक थेंबही न घेतलेले पहिल्या गटात शेकडा ४२ होते, दुसऱ्यात १८. तीव्र अवलंबित्व असलेले रुग्ण या प्रयोगात नव्हते, हे लक्षात ठेवावे. त्यांना डॉक्टरी उपचार लागतातच. पण साधा, शिकवलेला माणूस नुसत्या बोलण्याने किती करू शकतो, हे यातून दिसले.

सोबत्याने काय करावे?

१) ठरलेल्या वेळी भेटावे. पहिल्या महिन्यात रोज पाच मिनिटे तरी, पुढे आठवड्यातून दोनदा. महिन्यातून एकदा दोन तास उपदेश करण्यापेक्षा रोजची पाच मिनिटे मोलाची.

२) प्रश्न विचारावा, पण तपासणी करू नये. 'घेतली तर नाही ना? तोंड दाखव' असे म्हटले, की माणूस खोटे बोलायला शिकतो. एक निवृत्त गुरुजी आणि शेतमजूर तरुण यांचे हे बोलणे पाहा:

'बाजाराच्या दिवशी तुझा जीव कधी ओढतो रे?'

'पैसे हातात आले की, गुरुजी.'

'मग या बाजाराला काय करायचं म्हणतोस?'

'पैसे तिथंच आईजवळ देतो अन् चारच्या गाडीनं परत येतो.'

'बरं. चारच्या गाडीला मी स्टँडवर असतो. चहा घेऊ.'

इथे उपाय गुरुजींनी दिला नाही, तरुणानेच शोधला. स्वतः ठरवलेली गोष्ट माणूस जास्त पाळतो.

३) ओढीच्या चार कारणांवर लक्ष ठेवावे : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. दिवसभर फवारणी करून उपाशी घरी आलेला, त्यात बायकोशी भांडण झालेला माणूस गुत्त्याच्या वाटेवरच असतो. आधी जेवण, मग बोलणे.

४) ओढ कायम टिकत नाही हे शिकवावे. ती लाटेसारखी चढते आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काढायचा. पोटभर पाणी प्यावे, काही खावे, जागा सोडावी, सोबत्याला फोन करावा.

५) रिकामा वेळ भरावा. दारूने रोजचे तीन-चार तास व्यापलेले असतात. ते मोकळे ठेवले, तर दारू परत येते. भजन, व्हॉलीबॉल, मुलांचा अभ्यास, गोठ्यातील काम, जे रुचेल ते. दारूऐवजी खर्रा मात्र नको. तो तोंडाच्या कर्करोगाची वाट आहे.

६) गुपित राखावे. सांगितलेली गोष्ट पानठेल्यावर गेली, की सोबत संपली.

सोबती म्हणून कोण चालेल? ज्याच्यावर रुग्णाचा विश्वास आहे आणि जो स्वतः पीत नाही, असा कुणीही. स्वतः दारू सोडून काही वर्षे झालेला माणूस सर्वांत उत्तम. पत्नीवर हे काम टाकू नये. तिने आधीच खूप सोसलेले असते. पहारेकरी झालेल्या पत्नीशी नवऱ्याचे पटत नाही आणि घरात रोज नवे भांडण उभे राहते. तिलाही बोलायला एखादी बाई हवी.

पाय घसरला तर

एखाद्या दिवशी घोट घेतला गेला, म्हणजे सर्व बुडाले असे नाही. 'आता प्यालोच आहे तर पिऊ दे' हा विचार त्या घोटापेक्षा घातक असतो. सोबत्याने दुसऱ्या दिवशी सकाळी, शुद्धीवर असताना भेटावे. कुठे, कुणाबरोबर, त्याआधी काय घडले, हे शांतपणे विचारून पुढच्या वेळची तयारी करावी. मात्र त्याची उधारी फेडू नये, त्याच्यासाठी खोटे बोलू नये. आधार देणे वेगळे आणि पांघरूण घालणे वेगळे.

इथे सोबत पुरत नाही

रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. बंद केल्यावर काही तासांत हात थरथरणे, घाम, झोप न येणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन नसलेली माणसे, किडे दिसू लागतात. हे जीवावर बेतू शकते. तेव्हा सरळ दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट, दारू सुटण्याच्या गोळ्या किंवा पुड्या नवऱ्याच्या नकळत चहात, भाजीत घालू नका. डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब एकदम घसरून माणूस दगावू शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, तपासून, डॉक्टरच्या सल्ल्यानेच द्यायचे असते.

तिसरी गोष्ट, 'जगून काय करू' अशी भाषा माणूस बोलू लागला, तर ती बडबड समजू नका. त्याला एकटे सोडू नका, घरातील फवारणीचे औषध कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. 'टेलिमानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा क्रमांक आहे.

वाचकहो, तुमच्या गल्लीत नुकताच दारू सोडलेला कुणीतरी असेलच. आज संध्याकाळी सात वाजता त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. दारूचा विषय काढू नका. शेतीपाण्याचे बोला, चहा घ्या आणि उद्या पुन्हा येतो म्हणून सांगा. मग उद्या खरोखरच जा.