मादी नको म्हणण्याआधी

पालकहो, मुलांनी महिनोन्‌महिने धरलेल्या हट्टापुढे अखेर घर नमतं, कुत्रा आणायचं ठरतं आणि मग प्रश्न येतो: नर की मादी? बहुतेक घरांत याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. दत्तक शिबिरांत मदत करताना मी हे सतत पाहते. सकाळी टोपलीत दोन्ही असतात, दुपार कलली की उरतात त्या बहुतेक माद्या. धडधाकट, खेळकर, जंत पाडलेल्या, पहिली लस टोचलेल्या. त्यांच्यात खोट काहीच नसते.

एका शिबिरात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी तांबूस रंगाचं पिल्लू पोटाशी धरून बसली होती. पिल्लू तिच्या फ्रॉकचं बटण चघळत होतं, ती त्याच्या कानात काहीतरी सांगत होती. वडिलांनी पिल्लू उचललं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, ही मादी आहे. ठेव खाली. हिचं ते सगळं कोण निस्तरणार?" मुलीने विचारलं, "ते सगळं म्हणजे काय?" आई म्हणाली, "घरी गेल्यावर सांगते."

त्या "ते सगळं"बद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण घरी गेल्यावर ते कुणी सांगत नाही.

कुत्री साधारण सहा महिने ते वर्षाची झाली की पहिल्यांदा माजावर येते. शहरात आपण 'हीटवर आली' म्हणतो. मोठ्या जातींत याला दीड वर्षही लागतं. त्यानंतर साधारण सहा-सात महिन्यांनी हे पुन्हा येतं आणि दोन ते तीन आठवडे चालतं. सुरुवातीच्या आठ-नऊ दिवसांत लघवीची जागा सुजते, रक्ताचे थेंब पडतात. बऱ्याच कुत्र्या स्वतःला चाटून इतक्या स्वच्छ ठेवतात की फरशीवर एखादाच ठिपका दिसतो. मग रक्ताचा रंग फिकट होतो, आणि पालक म्हणतात, संपलं एकदाचं. खरी काळजी घ्यायचे दिवस तिथूनच सुरू होतात, कारण आता ती नराला जवळ येऊ देते. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हंगाम पावसाळ्याच्या उतरणीला असतो, भाद्रपदात गल्लीत काय गोंधळ चालतो ते आपण लहानपणापासून पाहतो. घरातली कुत्री मात्र कुठल्याही महिन्यात माजावर येऊ शकते. त्या तीन आठवड्यांत तिला पट्ट्याशिवाय बाहेर न्यायचं नाही, अंगणात किंवा गच्चीवर एकटी सोडायची नाही, आणि दाराशी चार कुत्री जमली तर मुलांनी त्यांना हाकलायला जायचं नाही. अंथरायला जुनी चादर, हवी तर बाजारात मिळते ती कुत्रीची चड्डी. निस्तरायचं ते एवढंच. आणि ऑपरेशन करून घेतलं तर तेही नाही.

याच्या जोडीला एक गोष्ट मुलांना आधी सांगून ठेवायला हवी. पिल्लं पोटात नसतानाही माजानंतर दीड-दोन महिन्यांनी काही कुत्र्यांना ती असल्यासारखं वाटू लागतं. कोपऱ्यात फडकी गोळा करते, एखादी चप्पल किंवा मऊ खेळणं कुशीत घेऊन बसते, स्तनांत दूधही येतं. अशा वेळी मुलाने ते खेळणं ओढून घेतलं तर एरवी गरीब असलेली कुत्रीही गुरगुरते, चावू शकते. दोन-तीन आठवड्यांत हे बहुधा आपोआप ओसरतं, पण तोवर तो कोपरा तिचा आहे हे लहानग्याला कळलं पाहिजे.

आता मुलींच्या आयांशी थोडं. कुत्रीचं रक्त पाहून मुलगी विचारते, तेव्हा "तिलाही आपल्यासारखी पाळी येते" असं सांगायचा मोह होतो. तसं सांगू नका, ते चूक आहे. गर्भ राहिला नाही की बाईच्या गर्भाशयाचं अस्तर सुटून बाहेर पडतं, ती पाळी. कुत्रीला रक्त येतं ते गर्भ राहण्याच्या दिवसांच्या आधी, शरीर त्याची तयारी करत असताना. म्हणजे बाईची पाळी ही एका चक्राच्या शेवटाची खूण, तर कुत्रीचं रक्त ही सुरुवातीची. बाईची पाळी पन्नाशीच्या आसपास थांबते, कुत्रीचं चक्र मात्र म्हातारपणीही पूर्ण थांबत नाही, फार तर अंतर वाढतं. ही माहिती दहा वर्षांच्या मुलीला सहज समजते. मुलालाही समजते, आणि त्याला ती सांगणं तितकंच गरजेचं आहे.

कारण घरोघरी मादीला नकार मिळतो त्यामागे कामाचा व्याप हे एक कारण असतं आणि न बोललेलं दुसरं कारण विटाळाचं असतं. देवघर आहे, आजी सोवळं पाळतात, घरभर फिरणाऱ्या जनावराला रक्त जातं हे चालायचं नाही. आजींची श्रद्धा मी खोटी ठरवत नाही. त्या दिवसांत कुत्रीला देवघराच्या खोलीत न जाऊ देणं अजिबात अवघड नाही, दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं आडवं फाटक लावलं की झालं. पण "तिला रक्त जातं म्हणून ती नको" हे वाक्य तुमची मुलगी ऐकत असते. आज तिला त्याचा अर्थ लागत नाही, दोन-तीन वर्षांनी लागतो. स्वतःच्या शरीराबद्दल तिने घरात ऐकलेलं पहिलं वाक्य ते असू नये, असं मला मनापासून वाटतं. नर आणायचा तर जरूर आणा, पण त्याचं कारण हे असू नये, आणि असलंच तर ते तिच्या कानावर तरी पडू नये.

नराचा व्याप मात्र कुणी मोजत नाही. वर्षाच्या आत-बाहेर तो पाय वर करू लागतो. बाहेर खांबावर, गाडीच्या चाकावर, आणि घरात नवा सोफा आला, पाहुण्यांची बॅग आली, की तिथेही. ही लघवी लागली म्हणून केलेली नसते, ती खूण असते, म्हणून ओरडून फारसा उपयोग होत नाही. वस्तीत कुठेतरी मादी माजावर असेल तर तिचा वास त्याला फार लांबून लागतो. तो जेवण सोडतो, रात्रभर कण्हतो, दार उघडं दिसलं की पळतो. असा पळालेला कुत्रा गाडीखाली येतो, दुसऱ्या नरांशी मारामारीत फाटून येतो, किंवा भटक्या मादीशी संबंध येऊन टीव्हीटी नावाची लागट गाठ घेऊन येतो. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांत ही गाठ बरीच दिसते. इंजेक्शनांनी ती बहुधा बरी होते, पण आठवड्या-आठवड्याने दवाखान्याच्या खेपा कराव्या लागतात. मादीचा व्याप वर्षातून दोनदा, तारीख मांडून येतो. ऑपरेशन न केलेल्या नराचा बारा महिने चालू असतो.

उशीवर किंवा मुलाच्या पायावर चढण्याची सवयही पालकांना लाजवते. मुलं हसतात, मोठी माणसं ओरडतात. मुलांना सरळ सांगा, तो जास्त उत्तेजित झालाय, त्याला बाजूला कर आणि चेंडू दे. लहान पिल्लं असं करतात, ऑपरेशन झालेल्या माद्यासुद्धा करतात. दर वेळी त्यामागे कामवासनाच असते असं नाही.

आता ऑपरेशनचं. दोघांचंही करून घ्यावं असंच मी सांगते, पण नराचं सोपं असतं हे खरं आहे. त्याचे वृषण काढतात, पोट उघडावं लागत नाही, तो लवकर हिंडूफिरू लागतो, खर्चही कमी येतो. मादीचं पोट उघडून अंडाशय आणि बहुधा गर्भाशयही काढतात. टाके भरायला दहा ते चौदा दिवस जातात. पण तिच्या बाबतीत हे ऑपरेशन जीव वाचवणारंही आहे. माजानंतर गर्भ राहो न राहो, शरीरात प्रोजेस्टेरॉन सुमारे दोन महिने चढलेलं राहतं, दर खेपेस गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, आणि वय वाढलं की तिथे जंतू शिरून पू होऊ शकतो. याला पायोमेट्रा म्हणतात. माजानंतर काही आठवड्यांनी कुत्री एकदम खूप पाणी पिऊ लागली, खाणं टाकलं, मलूल झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पू बाहेर दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नका, गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर तो आतच साठतो आणि तो प्रकार जास्त घातक. लवकर ऑपरेशन झालेल्या मादीत स्तनांच्या गाठींचा धोकाही कमी होतो असं पशुवैद्यक बराच काळ मानत आलं आहे.

ते कधी करायचं हे मात्र जातीवर आणि वजनावर ठरतं. गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांचं फार लवकर ऑपरेशन केलं तर पुढे सांध्यांचे विकार वाढतात, असं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांना 2013 पासूनच्या अभ्यासांत दिसलं. म्हणून मोठ्या जातींसाठी डॉक्टर थोडं थांबायला सांगतात. लहान चणीच्या कुत्र्यांत तो फरक सहसा दिसला नाही. ऑपरेशननंतर वजन चढतं, खाणं थोडं कमी करावं लागतं, आणि मुलं टेबलाखालून पोळीचे तुकडे सरकवतात तिकडे लक्ष द्यावं लागतं.

"एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, तिच्या तब्येतीला चांगलं असतं" हा सल्ला तुम्हाला शेजारपाजारी नक्की मिळेल. त्याला आधार नाही. मुलांना जन्माचा सोहळा दिसेल असंही म्हणतात. साधारण त्रेसष्ट दिवसांनी तो दिसतो, खरंच सुंदर असतो. पण एका वेतात पाच-सात पिल्लं झाली, की दोन महिन्यांनी ती कुणाकडे देणार? त्यातल्या माद्या कोण घेणार? शिबिरात उरलेल्या टोपल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून या एका मुद्द्यावर मी ठाम आहे.

स्वभावाबद्दल लोक ठरावीक बोलतात: नर धीट, राखणीला चांगला, मादी मायाळू. जातीचा, आईच्या स्वभावाचा आणि पहिल्या तीन महिन्यांत पिल्लाने काय पाहिलं-ऐकलं याचा वाटा नर-मादीपणाहून मोठा असतो. तुमच्या मुलाला धाडसाचंच वेड असेल तर त्याला लायकाची गोष्ट सांगा. 3 नोव्हेंबर 1957 ला स्पुटनिक-2 मधून पृथ्वीभोवती फिरलेली लायका मॉस्कोच्या रस्त्यावरची मादी होती. अरुंद कुपीत पाय वर करायला जागा नसते, म्हणून कक्षेत जाणाऱ्या उड्डाणांसाठी सोव्हिएत शास्त्रज्ञ माद्याच निवडत. लायका परतली नाही, तिच्या परतीची सोयच केलेली नव्हती. मुलं हे ऐकून रडतात, रडू द्या. 1960 मध्ये बेल्का आणि स्ट्रेल्का जिवंत परतल्या, त्याही माद्या. स्ट्रेल्काला पुढे पिल्लं झाली आणि त्यातली पुशिंका 1961 मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या घरी भेट म्हणून पाठवली.

नर-मादी हा फरक खरोखर महत्त्वाचा ठरतो तो काही मोजक्या घरांत. आधीच एक कुत्रा असेल तर दुसरं शक्यतो विरुद्ध लिंगाचं आणा, आणि दोघांचंही ऑपरेशन करा. दोन माद्यांचं बिनसलं तर भांडण फार चिघळतं, हे मी जवळून पाहिलं आहे. दुसरं म्हणजे वजन. लॅब्राडोर नर साधारण 29 ते 36 किलोचा, मादी 25 ते 32 किलोची. फिरवायचं काम दहा-बारा वर्षांचं मूल किंवा गुडघे दुखणारे आजोबा करणार असतील तर त्या चार किलोंनीही फरक पडतो.

बाकी घरांनी पिल्लाकडे बघावं. त्याला जमिनीवर ठेवा, तुम्ही पण खाली बसा. जवळ येतं का? किल्ल्यांचा आवाज केला तर दचकून पळतं आणि मग कुतूहलाने परत येतं का, की कोपऱ्यातच थरथरत राहतं? उताणं धरलं तर थोडं धडपडून शांत होतं का? मुलाला त्याच्याशी खेळू द्या आणि तुम्ही मुलाकडेही बघा, तुमचं मूल दांडगं असेल तर बुजरं पिल्लू घेऊ नका. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कुणी विकत असेल तर उठून या, 2017 च्या केंद्राच्या नियमांत त्याला मनाई आहे. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे पुढचे डोस, यात नर-मादी भेद नाही.

आणि मादी आणलीत तर ऑपरेशनची तारीख मुलांच्या परीक्षा नसतील असे पंधरा दिवस पाहून धरा. ती नुकतीच माजावर येऊन गेली असेल तर डॉक्टर दोन-तीन महिने थांबायला सांगतात, तेही हिशेबात घ्या. घरी आणल्यावर तिच्या गळ्यात प्लास्टिकची चकती असेल, ती दारांना आपटत फिरेल, पहिली रात्र कण्हेल. मोठ्या मुलाला रोज सकाळी टाके बघायचं काम द्या: लाल झालेत का, ओले आहेत का, चकती काढून चाटलंय का. धाकट्याला पाण्याचं भांडं तिच्या तोंडापर्यंत उचलून धरायला सांगा, कारण चकतीमुळे तिला ते जमिनीवरून नीट पिता येत नाही. सोफ्यावर उडी मारू द्यायची नाही, जिन्यावरून उचलून न्यायचं, आणि टाके निघेपर्यंत अंघोळ नाही.