पोटाचे दुखणे अंगावर काढू नका

आपण घास गिळतो. तो जठरात जातो. जठर म्हणजे पोटातली अन्नाची पिशवी. या पिशवीच्या अस्तरात कधी कधी वाईट गाठ किंवा जखम होते. ती वाढतच जाते. हाच जठराचा कर्करोग. लोक त्याला पोटाचा कॅन्सर म्हणतात.

सुरुवातीला हा रोग पित्तासारखा वाटतो. म्हणून माणूस फसतो. पुढची गोष्ट वाचा.

नारायण पेठेत एका भाच्याकडे गावाहून मामा आले. त्यांनी दोन घास खाऊन ताट सारले.

भाचा म्हणाला, "मामा, जेवला नाहीत?"

"पित्त झालंय रे. लगेच पोट भरतं. सोडा घेतला की बरं वाटतं."

"किती दिवस झाले?"

"दोन महिने. सदराही ढिला झालाय. परसाकडे काळं होतंय, डांबरासारखं."

"मग उद्याच ससूनला जाऊ."

"अरे, सुगी तर उरकू दे!"

"सुगी दर साली येते, मामा. उद्याच जायचं."

ससून रुग्णालयात डॉक्टरांनी मामांच्या तोंडातून दुर्बिणीची बारीक नळी पोटात घातली. कोठे कापावे लागले नाही. आतला लहानसा तुकडा काढून तपासला. कर्करोग निघाला. पण तो जठरापुरताच होता.

आधी सलाईनमधून औषधे दिली. मग शस्त्रक्रिया करून जठराचा रोगट भाग काढला. पुन्हा औषधे दिली. आता मामी दिवसातून सहा वेळा थोडे थोडे वाढतात. मऊ भात, वरण, अंडे. मामा सावकाश चावून खातात. सगळे जठर काढले, तर बी-१२ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन जन्मभर घ्यावे लागते.

रोग पसरला असेल, तर तो सहसा पुरता जात नाही. तरी औषधाने आयुष्य वाढू शकते. वेदना आणि उलटी कमी करता येते. रोग्याला टाकून देऊ नये. कर्करोग शिवल्याने होत नाही. त्याचे ताट वेगळे करू नका.

हा रोग का होतो? १९८२ साली ऑस्ट्रेलियात मार्शल व वॉरन या डॉक्टरांना जठरात राहणारा एक जंतू सापडला. २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू वर्षानुवर्षे पोटात राहिला, तर धोका वाढतो. मात्र जंतू असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. औषधाने जंतू मारता येतो. बिडी व फार खारट खाणेही वाईट.

मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करते. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर न्या. रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा.

प्रश्न
१. मामांना कोणती लक्षणे होती?
२. दुर्बिणीने काय तपासतात?
३. तुमच्या घरी कोणाचे पोट महिनाभर दुखते आहे का? त्यांना दवाखान्यात कधी नेणार?