आंतरजातीय विवाह : उंबरठ्याच्या आतली जात

निवासी शाळेच्या पंगतीत कोणाच्या शेजारी कोण बसला, हे कोणी विचारीत नाही. मात्र त्याच पंगतीत वाढलेली मुले विवाहयोग्य झाली की परिचयपत्रातील जातीचा रकाना आधी वाचला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात शोधले. १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने रद्द केलेल्या व पुढे त्यांनी स्वतः छापलेल्या भाषणात, सहभोजन पुरेसे नाही, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असे त्यांनी मांडले. जात म्हणजे वंशभेद हे मतही त्यांनी तेथेच खोडून काढले. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वंशाचा कोणता भेद, असा त्यांचा सवाल होता.

अमेरिकेत वंशभेद कायद्यातच लिहिलेला होता. १९६७ साली लव्हिंग दांपत्याच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहबंदी रद्द केली, तेव्हा ती १६ राज्यांत लागू होती. आपल्याकडे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने वाट मोकळी आहे; पण त्यातील ३० दिवसांची जाहीर नोटीस घरच्यांना आधीच सावध करते.

विवाह झाल्यावर काय होते, हे माईसाहेबांच्या आयुष्यात दिसते. सारस्वत ब्राह्मण कुटुंबातील डॉ. शारदा कबीर १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेबांशी विवाहबद्ध होऊन सविता आंबेडकर झाल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बाबासाहेबांसोबतच धम्मदीक्षा घेतली. तरीही महापरिनिर्वाणानंतर आपल्यापैकीच अनेकांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिले, आणि त्या संशयाला त्यांच्या जन्मजातीचा आधार घेतला गेला. दीक्षेने जी जात पुसली असे आपण मानतो, ती सुनेच्या बाबतीत मात्र आपल्याला आठवते. हे कटू आहे, पण स्मरणिकेत केवळ गौरवच लिहावा असे आम्हांस वाटत नाही.

दवनीवाडा परिसरात बौद्ध, पोवार, कुणबी, लोधी, गोंड शेजारी नांदतात. येथील मिश्र कुटुंबात प्रश्न येतो तो साध्या वाटेने: देव्हारा ठेवायचा की बुद्धवंदना, माहेरची पोवारी मुलांच्या कानी पडू द्यायची की नाही, मामाच्या घरच्या लग्नाचे आमंत्रण येते का. भांडण जातीचे असते आणि बोलले जाते भाजीतल्या मिठाविषयी. पती-पत्नींनी हे नाव घेऊन बोलावे. दोघांपैकी एकानेच सारे सोडणे म्हणजे समता नव्हे. बौद्ध वधू-वर मेळाव्यांत पोटजात विचारणाऱ्या पालकांनीही हे ऐकावे.

मुलांच्या जातीचा प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारतात. सामान्यतः पित्याची जात गृहीत धरली जाते. परंतु २०१२ साली रमेशभाई नायका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे गृहीतक अंतिम नाही असे ठरविले. माता अनुसूचित जाती वा जमातीची असून मूल तिच्याच समाजात वाढले व तीच अवहेलना त्याने सोसली, तर ते पुराव्यानिशी सिद्ध करता येते. म्हणून आईचे जातप्रमाणपत्र, तिच्याकडील शाळा-दाखले आणि मूल कोठे वाढले याची कागदपत्रे प्रथमपासून जपून ठेवावीत. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो.