पेनड्राइव्ह आधी देवडीत

कोपरीत, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, माझं झेरॉक्सचं दुकान आहे. २००७ साली सुरू केलं तेव्हा कॉलेजची पोरं पेनड्राइव्ह ओळखपत्रासारखा गळ्यात अडकवून यायची. आता निम्मी कामं व्हॉट्सॲपवर येतात, तरी पेनड्राइव्ह काही संपलेला नाही. भजनी मंडळाच्या स्पीकरला तो लागतो, शाळेच्या गॅदरिंगला लागतो, सोसायटीच्या सेक्रेटरींचे दहा वर्षांचे हिशेब त्यातच असतात. मी बी.कॉम. आहे. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर टायपिंगच्या क्लासपुरतं. खाली लिहिलंय ते लोकांचे पेनड्राइव्ह हाताळून, आणि त्यातले काही बिघडवून, शिकलेलं आहे.

१. ‘सगळं गेलं’ हे शेवटी म्हणायचं

२०१२चा मार्च असेल. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा रात्री साडेनऊला, मी शटर ओढायच्या बेतात असताना आला. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट जमा करायचा होता. पेनड्राइव्ह लावला तर प्रत्येक फोल्डरच्या चित्राच्या कोपऱ्यात वळलेला छोटा बाण, आणि प्रत्येकाचा आकार १ केबी. डबल क्लिक केलं की क्षणभर काळी खिडकी लुकलुकायची आणि मग फोल्डर उघडायचा किंवा उघडायचाच नाही. “दादा, गेलं का हो सगळं?” पोराचा चेहरा पांढराफटक. मी अगदी जाणत्याच्या थाटात म्हणालो, “व्हायरस आहे. फॉरमॅट करावा लागेल.”

मागे एक गृहस्थ झेरॉक्ससाठी थांबले होते, ऐरोलीला कुठल्याशा कंपनीत कामाला. ते म्हणाले, “अहो थांबा, आधी प्रॉपर्टीज तर बघा.” बघितलं. ८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये ५ जीबीच्या वर जागा भरलेली. “एकेक केबीच्या पंधरा शॉर्टकटांनी पाच जीबी भरेल का हो?” एवढंच बोलले ते. फायली होत्या तिथेच होत्या. व्हायरसनं त्या लपवल्या होत्या आणि त्यांच्या नावाचे तोतये पुढे उभे केले होते. एका शॉर्टकटची प्रॉपर्टीज उघडली, तर टार्गेटच्या रकान्यात फोल्डरचं नाव नव्हतंच. कमांड चालवणारी लांबलचक ओळ होती. म्हणजे त्या तोतयावर केलेला प्रत्येक डबल क्लिक व्हायरसला नव्यानं चालू करत होता. मी तर तोवर चार वेळा केला होता.

तेव्हापासून पेनड्राइव्ह हातात आला की आधी भरलेली जागा बघतो. फॉरमॅट हा शब्द तोंडातून काढायची घाई नाही.

२. लपलेलं बाहेर काढायला एक ओळ पुरते

ही ओळ मी फोनवरून इतक्या जणांना सांगितली आहे की झोपेतही म्हणेन. डोंबिवलीच्या मावशीला सांगितली तशीच इथे देतो. कमांड प्रॉम्प्ट उघड. इंग्रजीत ‘ॲट्रिब’ लिही, मग जागा सोड. वजा एच, जागा. वजा आर, जागा. वजा एस, जागा. तिरपी रेघ एस, जागा. तिरपी रेघ डी, जागा. मग पेनड्राइव्हचं जे अक्षर असेल ते, त्याला चिकटून कोलन, उलटी तिरपी रेघ, आणि शेवटी स्टार डॉट स्टार. एंटर.

“स्टार म्हणजे चांदणी काढू?” असं मावशीनं विचारलं होतं. आठाच्या डोक्यावर असते ती, म्हटलं.

फायली दिसायला लागल्या की कधीकधी नाव नसलेला एक फोल्डरही दिसतो. नाव रिकामंच. पुष्कळदा सगळा ऐवज त्यातच कोंबलेला असतो, त्यामुळे ‘हे काय भलतंच’ म्हणून तो उडवू नका. ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाच्या फोल्डरलाही लोक घाबरतात. तो विंडोजचा स्वतःचा आहे, राहू दे बापडा. हे सगळं व्हायरस नसलेल्या मशीनवर करायचं, नाहीतर एका बाजूनं उघडं करावं आणि दुसऱ्या बाजूनं तो पुन्हा झाकत जावा, असा खेळ रात्रभर चालतो. त्या मुलाच्या वेळी तो चालला. शेवटी त्या गृहस्थांनी आपला लॅपटॉप काढला, तेव्हा अकराला प्रिंट निघाल्या.

३. चोर आपल्या घरात आहे का, हे आधी बघायचं

जाताना ते गृहस्थ हळूच म्हणाले, “हा व्हायरस तुमच्याकडूनच गेला असेल.” मला राग आला. गल्ल्यावर बसणाऱ्याला असं कुणी बोललं की राग येतोच. दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नसताना मी नवा कोरा पेनड्राइव्ह फोडला, दुकानाच्या मशीनला लावला, काहीही न करता एक मिनिट ठेवला आणि काढला. शेजारच्या मोबाइलवाल्याकडे स्वच्छ लॅपटॉप होता, त्यावर लपलेल्या फायली दिसायची सोय चालू करून बघितलं. कोऱ्या पेनड्राइव्हमध्ये दोन फायली होत्या. मी एकही टाकली नव्हती.

म्हणजे किती महिने, देव जाणे, कोपरीतली निम्मी पोरं माझ्याकडे प्रिंट काढायला येत होती आणि जाताना प्रसाद घेऊन जात होती. त्यांच्या घरच्या मशीनवरून भावाच्या पेनड्राइव्हवर, तिथून त्याच्या कॉलेजात. दारावर ‘पेनड्राइव्ह व्हायरस काढून मिळेल, रु. ५०’ अशी पाटी मीच लावली होती.

ही कोऱ्या पेनड्राइव्हची परीक्षा मी आजही दर सोमवारी सकाळी घेतो. शंकेखोर वाटेल, पण तिला खर्च शून्य आहे.

४. फुकटच्या विंडोजची किंमत

मशीन खराब का होतं, याचा तपास केला तेव्हा दोष पुन्हा माझ्याच दारात आला. माझी एक्सपी चोरीची होती. एकच सीडी दहा दुकानांत फिरलेली. अपडेट चालू ठेवलं की विंडोज पकडायची, पडदा काळा व्हायचा आणि कोपऱ्यात ‘ही प्रत अस्सल नाही’ असं यायचं. म्हणून सगळ्यांनी अपडेट बंद करून टाकलेलं. वर अँटिव्हायरसही क्रॅक केलेला.

आता यात मुकलो कशाला ते बघा. सीडी घातली की प्रोग्राम आपसूक सुरू व्हावा म्हणून विंडोजमध्ये ऑटोरनची सोय होती. पेनड्राइव्हवरच्या व्हायरसांना ती आंदणच मिळाली. २००८च्या अखेरीस आलेला कॉन्फिकरही या वाटेनं फिरला. मायक्रोसॉफ्टनं २००९च्या विंडोज ७मध्ये पेनड्राइव्हपुरती ती बंद केली आणि फेब्रुवारी २०११मध्ये एक्सपी-व्हिस्टालाही तसं अपडेट दिलं. माझ्यापर्यंत ते पोचलंच नाही. त्याहून वाईट प्रकरण स्टक्सनेटचं. इराणच्या अणुप्रकल्पातली यंत्रं बिघडवायला केलेला हा व्हायरस जून २०१०मध्ये उघडकीला आला. त्याला डबल क्लिकचीही गरज नव्हती. पेनड्राइव्हमधल्या शॉर्टकटांची चित्रं पडद्यावर नुसती दिसली की काम झालं. इराण आणि इंडोनेशियाच्या खालोखाल तो भारतातल्या मशीनवर सापडला होता. ते भोक बुजवणारं अपडेट ऑगस्ट २०१०मध्ये आलं, म्हणजे ‘मी काही उघडत नाही, नुसतं बघतो’ ही सावधगिरी अपडेट नसलेल्या मशीनवर कुचकामी होती.

दुकान दोन दिवस बंद ठेवून मशीन मुळापासून फॉरमॅट केलं आणि अस्सल विंडोज घेतली. बायकोनं किंमत विचारली तेव्हा खरी सांगितली नाही.

५. देवडी

जुन्या वाड्याला दिंडीच्या आत देवडी असायची. आलेला माणूस आधी तिथे थांबायचा, कोण, कुठला हे कळल्यावर चौकात. तशी मी दुकानात केली. एक जुनं मशीन भंगारात जाणार होतं, त्यावर लिनक्स टाकलं, नेटची वायर काढून ठेवली. बाहेरचा प्रत्येक पेनड्राइव्ह आधी तिथे.

फायदा दुहेरी. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस तिथे चालतच नाही. पाण्याबाहेरच्या माशासारखा पडून राहतो. आणि पेनड्राइव्हवर विंडोजनं ‘लपलेली’ अशी खूण केलेली फाइल लिनक्सला लपलेली वाटतच नाही. सगळं उघड्यावर. हवी ती कागदपत्रं उचलायची, तोतये टाकून द्यायचे, पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा आणि कागदपत्रं परत ठेवायची. उचललेली वर्डची फाइलही मुख्य मशीनवर तपासूनच उघडतो. तिच्यातही मॅक्रो दडलेला असू शकतो.

घरात दुसरं मशीन नसेल तर फोनला ओटीजीची पिन लावून आत काय आहे ते बघता येतं. विंडोजचा व्हायरस अँड्रॉइडवर चालत नाही. फोनवर नुसतं बघायचं आणि फोटो, पीडीएफ उचलायचे. आतली एपीके फाइल मात्र इन्स्टॉल करायची नाही.

६. नाव शेवटपर्यंत वाचायचं

‘न्यू फोल्डर’ नावाचा फोल्डर, पिवळं चित्र वगैरे सगळं बरोबर, आणि मुळात तो फोल्डरच नाही, डॉट ईएक्सई आहे. विंडोज नावाची शेपटी लपवते, म्हणून हे फावतं. व्ह्यू मेनूत जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू केलं की सोंग उघडं पडतं. लग्नपत्रिकेच्या पेनड्राइव्हमध्ये ईएक्सई, व्हीबीएस, एलएनके यांचं काय काम?

एक अपवाद मला महागात पडला. एका सोसायटीचे सेक्रेटरी सीसीटीव्हीचं चित्रीकरण घेऊन आले, पोलिसांना द्यायचं होतं. आत एक ईएक्सई दिसली, मी बाणेदारपणे उडवली. काही डीव्हीआर चित्रीकरणासोबत ते बघायचा प्लेअरही पेनड्राइव्हवर टाकतात. ती तीच होती. काका पुन्हा चार जिने चढून डीव्हीआरपाशी गेले. त्यानंतर मी आधी विचारतो, मग उडवतो.

७. अँटिव्हायरस एकच, पण खरा

आपल्याकडे घराघरांत पोचलेलं नाव क्विक हील. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांचं. संजय काटकरांनी लिहिलेला अँटिव्हायरस १९९५मध्ये बाजारात आला, तेव्हा व्हायरस फ्लॉपीवरून फिरायचे. रीत तीच, वाहन बदललं. आता विंडोजबरोबर डिफेंडर फुकट येतो आणि घरगुती वापराला तो पुरतो, पण पेनड्राइव्हवर उजवं बटण दाबून स्कॅन आपण सांगायचा. दोन-दोन अँटिव्हायरस टाकू नका, ते एकमेकांशीच भांडतात. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडूनही २०१७पासून फुकट सफाईची साधनं मिळतात. कुठला पेनड्राइव्ह चालू द्यायचा यावर लगाम ठेवणारं सी-डॅकचं ‘यूएसबी प्रतिरोध’ त्यातलंच. ऑफिसवाल्यांनी ते जरूर बघावं.

८. सापडलेला पेनड्राइव्ह

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी मुद्दाम २९७ पेनड्राइव्ह टाकून ठेवले होते. निष्कर्ष २०१६मध्ये आले. जवळजवळ सगळे उचलले गेले आणि निम्म्याच्या आसपास पेनड्राइव्हमधल्या फायली लोकांनी उघडल्या. का, तर बहुतेकांचं उत्तर, मालकाला परत करायचा होता. माणसाच्या चांगुलपणावरच सापळा.

माझ्याकडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, त्यात लोकांचे विसरलेले पेनड्राइव्ह. सध्या तेवीस. एकही लावून बघत नाही. ज्याचा असेल तो येतो, कधी तीन वर्षांनी येतो, रंग सांगतो आणि घेऊन जातो.

९. न सुटणारे दोन

लावल्याबरोबर खिडकी उघडून आपोआप अक्षरं टाइप व्हायला लागली तर उपटून काढायचा आणि फेकून द्यायचा. पेनड्राइव्हच्या आतल्या चिपमधला प्रोग्रामच बदलला तर तो कीबोर्ड असल्याचं सोंग घेऊ शकतो, हे कार्स्टेन नोल आणि जेकब लेल यांनी २०१४मध्ये दाखवलं. फॉरमॅटनं ते जात नाही. दुकानात मी असा अजून पाहिलेला नाही.

दुसरा मात्र महिन्याला एक येतो. तीनशे रुपयांत घेतलेला ‘२ टीबी’चा पेनड्राइव्ह, फायली ठेवल्या की मोडतात. लोक म्हणतात व्हायरस. व्हायरस नाही हो, आत १६ जीबी आहे, वर स्टिकर २ टीबीचं आहे.

१०. दर

पेनड्राइव्ह साफ करायचे मी पैसे घेत नाही. ५० रुपयांची पाटी मार्च २०१२मध्येच काढली. तो इंजिनीअर मुलगा मध्यंतरी मुलीच्या शाळेचा प्रोजेक्ट छापायला आला होता. पेनड्राइव्ह पुढे केला आणि म्हणाला, “दादा, आधी त्या जुन्या मशीनला लावा.”