घोट्याएवढं पाणी

अगं, परवा तुझा फोन आला तेव्हा माझी भाजी फोडणीला होती. "अक्का, लेकरांनी जीव खाल्लाय, हैदराबादला नेऊन पाण्यात खेळव म्हणतात, कुठं न्यावं सांग," एवढं तू म्हणालीस आणि मी 'मग सांगते' म्हणून ठेवून दिला. आता भांडी आवरून बसलेय, तर सगळंच सांगते. जागेचं नाव सांगणं सोपं आहे गं, पण नुसत्या नावावर गेलीस तर माझ्यासारखी फजिती होईल.

माझी फजिती तुला कधी सांगितली नव्हती. धाकटा तीन वर्षांचा होता. दाजींनी हौसेनं एका मोठ्या वॉटर पार्कात नेलं. आत शिरतोय तोवर डोक्यावरची भलीमोठी बादली कलंडली आणि धबाक्कन पाणी कोसळलं. लेकरू जे माझ्या गळ्याला चिकटलं, ते दोन तास सुटलं नाही. माणशी तिकीट भरून मी एका खांबाला टेकून उभी, आणि हा खांद्यावर हुंदके देतोय. निघता निघता कोपऱ्यात एक उथळ हौद दिसला. मधोमध छत्रीसारखं कारंजं, पाणी घोट्याएवढं. त्यात याला उतरवलं आणि पुढचा तास पोरगं बाहेर यायला तयार नाही! त्या दिवशी कळलं, शहरात गेल्यावर सगळ्यात उंच घसरगुंडी शोधायची नसते. सोबतच्या सगळ्यात लहान लेकराच्या घोट्याएवढं पाणी कुठं आहे, ते आधी बघायचं.

तुझी लेक अडीच वर्षांची आहे, म्हणून हे आधी सांगितलं. या उथळ प्रकारालाच पुढे नेलं की स्प्लॅश पॅड होतो. जमिनीतून कारंजी उडतात, पाणी लगेच खालच्या जाळीतून वाहून जातं, साचत नाही. परदेशात हे भर चौकात असतं. शिकागोच्या मिलेनियम पार्कात 2004 सालापासून दोन उंच मनोरे आहेत, त्यांच्या मधल्या उथळ पाण्यात कुणाचीही पोरं फुकट नाचतात. सिंगापूरच्या गार्डन्स बाय द बेमध्येही लहानग्यांची अशी बाग आहे, तिलाही तिकीट नाही. आपल्याकडे हे सुख बहुतेक तिकिटाच्या आत असतं, नाहीतर मोठ्या सोसायट्यांच्या फाटकाआड. म्हणून चौकशी करताना 'स्प्लॅश पॅड आहे का' असं विचारलंस तर समोरचा गोंधळेल. 'किड्स पूल आहे का, किती खोल आहे, आणि मोठ्यांच्या हौदापासून वेगळा आहे का' असं विचार.

आता जागा. आमच्या घरापासून सोपी म्हणजे नेकलेस रोडवरची जलविहार. हुसेनसागरच्या काठाला आहे, 2007 साली सुरू झाली. तू भालकीला गाडीत बसून लिंगमपल्लीला उतर. तिथून एमएमटीएस लोकल मिळते आणि नेकलेस रोड नावाचंच स्टेशन आहे. पुढे रिक्षा. दुसरी वंडरला, रावीर्यालला, आउटर रिंग रोडला लागून. 2016 साली उघडली. ती फार मोठी आहे, पण आमच्या घरापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सस्तापूर बंगल्याच्या थांब्यावरून बसनं येऊन परत तिथवर जायचं म्हटलं तर लेकरं वाटेतच झोपतील. तिथं तिकिटाचा हिशेब लेकराच्या वयावर नसतो, उंचीवर असतो. म्हणून निघायच्या आधी दोघांनाही दाराच्या चौकटीला उभं करून टेपनं मापून ठेव. थोरला आठ वर्षांचा असला तरी आपल्या आबांसारखा उंच निघालाय, तो मोठ्यांच्या तिकिटाला टेकला तर ऐन खिडकीवर पैसे मोजताना तोंड उतरेल.

तुझं मन वंडरलावर असेल, मला माहिती आहे. थोरल्यानं मित्रांना सांगूनही ठेवलं असेल. पण यंदा जलविहार कर, लेक अजून लहान आहे. वंडरला पळून जात नाही.

कधी यायचं, ते नीट ऐक. तू सीमेपलीकडे राहतेस त्याचा एवढा तरी फायदा घेऊ. आपल्या कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या 10-11 तारखेला सुट्टी लागते. इथल्या तेलंगणातल्या शाळा 23-24 एप्रिलपर्यंत चालू असतात. मधले ते बारा-तेरा दिवस म्हणजे सोनं! त्यातला मंगळवार-बुधवार धर, गर्दी कमी मिळेल. रविवारी आलीस तर लेकराला पाणी कमी आणि माणसं जास्त दिसतील. आणि सकाळी दार उघडताना आत शिरायचं. दुपारी बारानंतर इथली फरशी अशी तापते की पोरं एका पायावर नाचतात. रबराच्या चपला आणच.

कपड्यांचं सांगते, कारण तू विचारायला लाजशील. साडी, सुती पंजाबी ड्रेस, जीन्स पाण्यात चालत नाही, नायलॉनचेच कपडे लागतात. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, त्याचे धागे सुटून गाळणीत अडकतात. म्हणून तो नियम आहे, तुला हिणवायला नाही. तिथं भाड्यानं मिळतात, पण कुणी घातलेले, कसे धुतलेले, देव जाणे. त्यापेक्षा बसवकल्याणच्या बाजारातून पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा टीशर्ट आणि घोट्यापर्यंतची पँट घे. अंग झाकलेलं राहतं, उन्हानं काळवंडत नाही आणि फोटो सासूबाईंना दाखवायला संकोच नाही. सासूबाईंनाही आण गं. काठावर सावलीत बसून सामान राखायला त्यांच्याइतकं भरवशाचं कुणी नाही. डबा मात्र आत नेऊ देत नाहीत. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घरीच ठेव, संध्याकाळी आल्यावर आपण सगळे मिळून खाऊ.

आता पाण्याचं. बिदरला नौबादचं कारेज शाळेच्या सहलीत बघितलं होतं, आठवतं? बहामनींच्या काळचं, जमिनीखालून वाहणारं. ते पाणी पुढे पुढे जात राहतं. इथल्या कारंज्याखाली टाकी असते, तेच पाणी गाळून, क्लोरीन टाकून पुन्हा वर येतं. म्हणजे एका पोरानं घाण केली तर ती सगळ्यांच्या तोंडावर उडणार. म्हणून लेकराला जुलाब होत असतील तर तिकीट बुडालं तरी चालेल, पाण्यात उतरवायचं नाही. एक जंतू असा आहे की नीट क्लोरीन टाकलेल्या पाण्यातही आठवडाभर तग धरतो. लेकीला पाण्यात घालायचा वेगळा डायपर घे, पण तो फक्त शी अडवतो, शू अडवत नाही. तासातासाला बाहेर काढून बाथरूमला ने. आणि नाकात झोंबणारा क्लोरीनचा वास आला की पाणी स्वच्छ असेल असं मला पूर्वी वाटायचं. उलट आहे! क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळलं की तसा उग्र वास सुटतो. डोळे चुरचुरायला लागले की लेकरांना घेऊन बाहेर ये. उतरण्याआधी सगळ्यांनी अंघोळ करायची, पाणी गिळायचं नाही, हे थोरल्याला गाडीतच पढवून ठेव.

शेवटचं सांगते आणि ते मला अजून बोचतं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा धाकटा तसल्याच घोटाभर पाण्यात खेळत होता. मी त्याचा व्हिडिओ काढला, मग तो तुला पाठवायला मान खाली घातली. मान वर केली तर एका अनोळखी तेलुगू बाईनं त्याला दंडाला धरून उभा केलेला. घसरून पालथा पडला होता. ना ओरडला, ना हातपाय आपटले. मी चार पावलांवर होते आणि मला आवाजसुद्धा आला नव्हता. लहान लेकरू बुडताना असंच गप्प बुडतं, आणि त्याला वीतभर पाणीही पुरतं. शिट्टीवाला पोरगा उभा असतो, पण त्याला शंभर लेकरं असतात. तुला दोन आहेत.

लहानपणी बिदरच्या झरणी नरसिंहाच्या गुहेत आपण गेलो होतो बघ. पाणी बाबांच्या छातीला लागलेलं, वर वटवाघळं, तू खांद्यावर आणि मी त्यांच्या पाठीला. आपल्याला भीती वाटली नाही, कारण बाबांचे दोन्ही हात सबंध वाट आपल्यावर होते. लेकीजवळ तू तशी रहा, हात लांबवला की दंड हाताला लागेल इतकी जवळ. थोरल्याला घसरगुंड्यांवर दाजी घेऊन जातील, त्यांना तेवढंच निमित्त हवं असतं. दमलीस तर मला हाक मार, मी बसते तिच्यापाशी.

तर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार ठरव आणि मला कळव. तिकिटं मी काढून ठेवते. आपले दोघींचे मोबाइल मात्र आत गेल्या गेल्या लॉकरमध्ये जातील, हे आत्ताच कबूल कर.